आठवीच्या कपाटात काय ठेवावे

शाळेच्या ग्रंथालयात नवे पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो, पहिल्या पानावर शाळेचा शिक्का बसतो, शेवटच्या पानावर देवघेवीच्या तारखांचा कागद चिकटवला जातो आणि मग एक प्रश्न उरतो. हे पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचे? आमच्या माध्यमिक शाळेत तीन कपाटे आहेत. एक पाचवी ते सातवीसाठी, दुसरे आठवी ते दहावीसाठी आणि तिसरे शिक्षकांसाठी. या तिसऱ्या कपाटाची किल्ली अर्धवेळ ग्रंथपाल असलेल्या बाईंच्या टेबलाच्या खणात असते. शिक्षकांनी वाचावीत अशी पुस्तके त्यात फार थोडी आहेत. मुलांच्या हाती द्यायला कोणाला तरी धास्ती वाटली आणि विक्रेत्याकडे परत पाठवायला मात्र संकोच वाटला, अशाच पुस्तकांनी ते भरले आहे. मी मराठी शिकवतो आणि पुस्तक निवड समितीवर बरीच वर्षे आहे, त्यामुळे त्यातले बहुतेक प्रत्येक पुस्तक तिथे कसे गेले, हे मला ठाऊक आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि तिथे वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. कोणत्या इयत्तेच्या मुलाने काय वाचावे याबद्दल कायदा काही बोलत नाही, आणि ते बरेच आहे. पण त्यामुळे हा निर्णय शेवटच्या तासानंतर शिक्षक-खोलीत चहा घेत बसलेल्या तीन-चार माणसांवर येऊन पडतो. ही माणसे वाईट नसतात. त्यांना बस गाठायची असते, पालकांची तक्रार नको असते, आणि 'हे या वयाला योग्य नाही' हे वाक्य उच्चारायला अतिशय सोपे असते. ते उच्चारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक मूल असते. त्याला दोन वेळचे जेवण मिळते, संध्याकाळी त्याचा अभ्यास घेतला जातो, त्याच्या घरी कोणी दारू पीत नाही आणि त्याने अजून मृत्यू पाहिलेला नसतो. तसे मूल आमच्या वर्गात आहे. पण वर्गातली सगळी मुले तशी नाहीत, आणि कपाट सगळ्यांसाठी आहे.

आशयाकडे जाण्याआधी एक गल्लत दूर करायला हवी, कारण आमच्या बैठकांतला निम्मा वेळ तिच्यात जातो. एखादे पुस्तक मुलाला वाचता येईल का, हा एक प्रश्न आणि ते त्याने वाचावे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी मोजता येते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या बालकथांच्या संकेतस्थळावर गोष्टींच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीत ओळखीचे शब्द, पुन्हा पुन्हा येणारी वाक्ये आणि फार तर २५० शब्द, आणि पुढे पातळीगणिक लांबी व वाक्यरचनेचा गुंता वाढत जातो. मराठीत याला जोडाक्षरांची भर पडते. 'कमळ' आणि 'घर' सहज वाचणारे मूल 'स्वातंत्र्य' किंवा 'दुष्टचक्र' आले की अडते, आणि अशी तीन अडथळ्यांची ओळ ओलांडून गेल्यावर आधीच्या ओळीत काय होते ते विसरलेले असते. त्याला गोष्ट कळत नाही ती विषय अवघड असतो म्हणून नव्हे, तर डोळ्यांची दमछाक झालेली असते म्हणून.

या पातळ्यांचे वयाशी असलेले नाते आमच्यासारख्या शाळेत सैल होते. मुलांना कितपत वाचता येते हे पाहणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या चाचणीत मुलाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला देतात, आणि तो न वाचता येणारी मुले वरच्या वर्गांतही सापडतात, हे ग्रामीण भागात शिकवणाऱ्या कोणालाही नवे नाही. आठवीतल्या अशा मुलाला आपण काय देतो? अस्वलाच्या पिल्लाची आणि फुलपाखराची गोष्ट. ते मूल सकाळी म्हशींची धार काढून शाळेत आलेले असते, त्याच्या ओठांवर मिसरूड फुटलेली असते, आणि सगळ्या वर्गादेखत त्याच्या हातात गुबगुबीत सशाचे मुखपृष्ठ दिले जाते. ते पुस्तक उघडत नाही यात नवल काही नाही. सोप्या भाषेत, छोट्या वाक्यांत लिहिलेली, पण चौदा वर्षांच्या मुलाच्या मनातल्या प्रश्नांची पुस्तके मराठीत फार थोडी आहेत, आणि माझ्या मते आपल्या बालसाहित्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे. त्याच्या जुन्या अंकांत असा मजकूर शोधला तर मिळतो, आणि मी तो शोधून छापून घेतो. पण एका मासिकाने एवढा मोठा खड्डा भरून निघत नाही.

आता आशयाबद्दल. मोठी माणसे मुलांच्या पुस्तकांत काय काढतात आणि काय ठेवतात, याचा इतिहास मुलांपेक्षा मोठ्यांबद्दलच अधिक सांगतो. ग्रिम बंधूंनी आपला परीकथांचा संग्रह १८१२ मध्ये पहिल्यांदा छापला, तेव्हा तो मुख्यतः अभ्यासकांसाठी होता. घरोघरची मुले तो वाचू लागल्यावर पुढच्या आवृत्त्यांत विवाहाआधीच्या गरोदरपणाच्या खुणा पुसल्या गेल्या, मुलांना रानात सोडणारी सख्खी आई सावत्र झाली, आणि दुष्टांना होणाऱ्या भयंकर शिक्षा मात्र तशाच राहिल्या. म्हणजे शरीराची लाज वाटली, हिमगौरीच्या गोष्टीत दुष्ट राणीच्या पायांत घातलेल्या तापलेल्या लोखंडी जोड्यांची वाटली नाही. आपल्याकडेही वेगळे घडलेले नाही. पंचतंत्र हा ग्रंथ स्वतःच सांगतो की विष्णुशर्म्याने तो राजाच्या तीन मंदबुद्धी मुलांना शहाणे करण्यासाठी रचला. त्यात नवऱ्याला फसवणाऱ्या बायका आहेत, नाक कापले गेलेली न्हाव्याची बायको आहे, घरच्यांचा आणि राज्याचा विश्वासघात आहे. राजपुत्रांना जे चालले, ते आमच्या मुलांसाठीच्या रंगीत आवृत्तीतून गळाले आणि उरली ती मगर, माकड आणि बडबडे कासव. हे कासवही उंचावरून पडून मरतेच, पण त्याच्या मरणाची कोणी तक्रार करीत नाही. 'चांदोबा'त शंकर यांनी काढलेला, हाती तलवार घेऊन खांद्यावर प्रेत वाहणारा विक्रम राजा पिढ्यानपिढ्या मुलांनी पाहिला. ते चित्र काढून टाका, असे म्हणणारा पालक मला कधी भेटलेला नाही.

'श्यामची आई' हे याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक आमच्या शाळेत बक्षीस म्हणून दिले जाते, आणि ते कोणत्या कपाटात ठेवावे यावर समितीत कधी चर्चा झालेली नाही. त्यात काय आहे पाहा. त्यात कर्ज आहे, वसुलीला आलेला माणूस घरात बसून बाईमाणसाला टाकून बोलतो ते आहे, पोहायला भिणाऱ्या मुलाला शिंपटीने मारणारी आई आहे, धाकट्या भावाचा मृत्यू आहे, शेवटी आईचाच मृत्यू आहे, आणि एका महार म्हातारीच्या डोक्यावरून पडलेल्या मोळीला कोणी हात लावायला तयार नसतो, तो प्रसंगही आहे. हेच सारे एखाद्या नव्या लेखकाने, आजच्या गावाची आणि आजच्या जातीची नावे घेऊन लिहिले, तर माझे काही सहकारी ते निःसंशय तिसऱ्या कपाटात ठेवतील. जुन्या पुस्तकावर 'संस्कारक्षम' असा शिक्का बसला की ते न वाचताच पास होते. मोळीचा तो प्रसंग मी सातवीत वाचला तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, माणसाला नाही तर नाही, पण मोळीला का शिवायचं नाही?" त्या तासाला ठरवलेले व्याकरण झाले नाही. त्या मुलाला प्रश्न पडला हे मला त्या पुस्तकाच्या योग्यतेचे पुरेसे प्रमाण वाटते.

गोष्टी, गाणी आणि वय यांची अशी फाळणी आपल्या जुन्या मौखिक परंपरेने फारशी केलीच नव्हती. पहाटे जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास, सवत, मेलेले मूल, परागंदा झालेला नवरा असे सगळे असे आणि ते ऐकत ऐकत जात्याशेजारी मुले झोपलेली असत. भोंडल्याची गाणी तर लहान मुलींचीच. माहेरी जायला निघालेल्या सुनेला सासू सांगते की कारल्याचा वेल लाव, मग जा. वेल लावला तर त्याला कारली येऊ दे, कारली आली तर भाजी कर, भाजी झाली तर जेवण होऊ दे आणि उष्टी काढ. प्रत्येक कडव्याला अट पुढे सरकत राहते. आठ-दहा वर्षांच्या मुली फेर धरून हे म्हणत, कारण त्या वयात त्यांची लग्ने होत होती. छळ कसा होतो, तोंडाने परवानगी देत देत ती नाकारली कशी जाते, हे त्यांना ठाऊक असणे गरजेचे होते आणि गाण्याने ते हसत-खेळत ठाऊक करून दिले. त्या मुलींसाठी ते गाणे वयोचित होते ते त्यांच्या आयुष्यात त्या वयाला जे यायचे होते त्यामुळे. आजच्या शहरी सोसायटीतली तितक्याच वयाची मुलगी तेच गाणे गमतीने म्हणते, आणि तेही ठीकच आहे.

आमच्या भागात ऊसतोड कामगारांची मुले आहेत. दिवाळीच्या सुमारास मुकादमाचा ट्रक येतो आणि आई-बाप पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात. काही मुले त्यांच्याबरोबर जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, मुकादमाने हंगामाआधी दिलेल्या पैशाला 'उचल', आणि सहावीतल्या मुलीला आपल्या घरची उचल किती फिटली आणि किती अंगावर राहिली, याचा हिशेब तोंडपाठ असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कुटुंबाची गोष्ट सांगणारे छोटे पुस्तक आमच्याकडे आले. त्यात फडावर झालेले बाळंतपण होते आणि पैशावरून झालेली मारहाण होती. गावातल्या एका सुस्थित पालकांनी मुख्याध्यापकांना सांगितले की माझा मुलगा हे वाचून दोन दिवस गप्प आहे, असले पुस्तक देऊ नका. त्यांचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. मुलगा खरोखर अस्वस्थ झाला असणार. पण त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी ते पुस्तक दोनदा घरी घेऊन गेली होती. तिने पहिल्यांदाच आपल्या घरासारखे घर छापलेले पाहिले होते. ते पुस्तक कपाटाबाहेर काढले असते, तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की त्या मुलाचे गप्प बसणे आम्ही मोजले आणि त्या मुलीचे वाचणे मोजले नाही. पुस्तक राहिले. त्या पालकांना आम्ही बोलावून घेतले, चहा दिला आणि ते पूर्ण वाचायला दिले.

मुलींच्या बाबतीत हा विरोधाभास आणखी टोचतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले. नववीच्या हजेरीपटावरचे एखादे नाव दिवाळीनंतर लाल शाईने का खोडले जाते, हे वर्गातल्या प्रत्येक मुलीला माहीत असते. आणि बालविवाहाविषयीची कथा त्याच वर्गाला 'जड' होईल, म्हणून आम्ही ती वरच्या खणात ठेवतो! पाळी, शरीरातले बदल, कोणाचा कोणता स्पर्श नको म्हणावा, या विषयांच्या पुस्तकांचेही तेच होते. २००७ साली शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून वादळ उठले, तेव्हा महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो थांबवला होता. तो काळ मागे पडला, तरी त्या वेळची भीती शिक्षक-खोलीत अजून वावरते. पाचवी-सहावीतच कित्येक मुलींना पाळी येते, आणि तिची माहिती देणारे पुस्तक आठवीच्या कपाटात ठेवणे म्हणजे ते उशिरा देणे आहे. आमच्या गणिताच्या बाईंनी ते पुस्तक पाचवीच्या कपाटात नेऊन ठेवले आणि समितीला नंतर कळवले. सगळ्या बैठकांपेक्षा मला ते काम मोलाचे वाटले.

मुलांच्या हातात मोबाइल असताना पुस्तकांची चाळणी कशाला, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मला तो लंगडा वाटतो. बाहेर काहीही मिळते, म्हणून शाळेने काहीही द्यावे, असे होत नाही. शाळेच्या शिक्क्याला मुलांच्या लेखी अजून काही किंमत आहे.

आणि मीही काही पुस्तके अडवतो. आत्महत्येचा मार्ग तपशिलाने सांगणारी आणि त्या मरणाला सुटकेचा उजेड देणारी पाने असलेले पुस्तक मी शाळकरी मुलाला एकट्याने वाचायला देणार नाही. स्त्रीवरचा अत्याचार वाचकाला चटक लागावी अशा रीतीने रंगवलेला असेल, तर तेही नाही, मग लेखकाने शेवटी कितीही उपदेश केलेला असो. पण मला सर्वांत जास्त जपावे लागते ते निरुपद्रवी दिसणाऱ्या पुस्तकांपासून. देणगीत आलेल्या जुन्या विनोदी गोष्टींत जाड्या मुलाला, तोतऱ्या मुलाला, काळ्या मुलीला आणि गावंढळ नोकराला हसायचे असते. बोधकथांत आळशी माणूस नेमका एखाद्या ठरावीक जमातीचा असतो, आणि इतिहासाच्या नावाखाली शेजारच्या मोहल्ल्यातल्या लोकांविषयी द्वेष असतो. यांत रक्त नाही, शरीरसंबंध नाही, शिवी नाही, म्हणून ती सहज पहिल्या कपाटात जातात. ज्या मुलाचे हसे होते ते मूल वर्गात असते आणि बाकीच्यांना त्याला हसायचे शब्द पुस्तकाने पुरवलेले असतात. दुःख असलेल्या पुस्तकापेक्षा तुच्छता असलेले पुस्तक मला मुलांसाठी अधिक घातक वाटते, आणि त्याला वयाची कोणतीही अट लावून उपयोग नसतो.

विषयापेक्षा लेखक पात्रांच्या बाजूला कसा उभा आहे हे पाहावे, असे मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो. यावर एकदा एका सहकाऱ्यांनी नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या डायरीचा दाखला दिला. त्यांचे म्हणणे होते की ते पुस्तक उत्तम आहे, पण संपूर्ण आवृत्ती मुलांना नको. ॲनच्या वडिलांनी १९४७ च्या पहिल्या आवृत्तीतून तिने आपल्या शरीराबद्दल आणि आईवरच्या रागाबद्दल लिहिलेला काही मजकूर गाळला होता आणि तो पुढे, त्यांच्या मृत्यूनंतर, छापला गेला, हे खरे आहे. अमेरिकेतल्या काही शाळांत त्या पानांवरून हरकतीही घेतल्या गेल्या. परंतु ती पाने लिहिणारी मुलगी तेरा ते पंधरा वर्षांची होती. त्या वयाच्या मुलीने लिहिलेले त्याच वयाच्या मुलीने वाचू नये, असे म्हणताना आपण नक्की कोणाला वाचवत असतो, याचे उत्तर त्या सहकाऱ्यांकडे नव्हते. वडिलांनी गाळले ते मी समजू शकतो. त्यांना मुलगी गमावलेल्या बापाचा संकोच होता. आम्हाला तशी काही सबब नाही.

मुले स्वतःही चाळणी लावतात. ज्याचा अर्थ लागत नाही ते पान ती सरळ उलटतात, जे सोसवत नाही ते पुस्तक पावसाचे कारण सांगून न वाचता परत करतात. म्हणून आम्ही देवघेवीच्या नियमांत एक बदल केला. आणलेले पुस्तक आवडले नाही तर कारण न विचारता दुसऱ्या दिवशी बदलून मिळते. पूर्वी आठवडाभर ते ठेवावेच लागे आणि वर सारांश लिहावा लागे. हरकतींसाठीही एक साधी पद्धत ठरवली आहे. हरकत घेणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचायचे, कोणत्या पानावर काय खटकले ते लिहून द्यायचे आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहायचे. या पद्धतीमुळे हरकती कमी झाल्या, आणि ज्या आल्या त्यांपैकी दोन-तीन मला पटल्याही.

सध्या समितीपुढे एक कादंबरी आहे. कर्जबाजारी शेतकरी बापाने आत्महत्या केल्यानंतरचे वर्ष तिच्यात बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगितले आहे. मरण पहिल्या दोन पानांत उरकते, त्याचा तपशील नाही. उरलेली सगळी पाने तलाठ्याकडच्या फेऱ्यांची, आईच्या बदललेल्या आवाजाची आणि विकलेल्या बैलांची आहेत. एका सहकाऱ्यांचे मत आहे की आमच्या शाळेत असे बाप गेलेली मुले आहेत, त्यांच्या हाती ती पडू नये. दुसऱ्या बाईंचे मत आहे की नेमक्या त्याच कारणासाठी ती असावी, पण वर्गशिक्षकांनी आधी वाचलेली असावी आणि कोणी ती नेली तर त्याच्याशी त्या आठवड्यात बोलणे व्हावे. मी दुसऱ्या मताच्या बाजूने लेखी दिले आहे, आणि दोन प्रती घ्याव्यात असेही त्यात जोडले आहे, म्हणजे एक प्रत वर्गशिक्षकांकडे राहील. मुख्याध्यापकांची सही दिवाळीच्या सुट्टीआधी झाली, तर ट्रक येण्यापूर्वी ती आठवीच्या कपाटात लागेल.